राष्ट्राध्यक्ष राज्यांच्या मतांनीच का निवडावा? : अमेरिकेच्या निर्वाचक मंडळाची बाजू

नदीपार (धागालेखक)

ट्रेंटन आणि मॉरिसव्हिल ही दोन गावे डेलावेअर नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. पहिले न्यू जर्सीत, दुसरे पेनसिल्व्हेनियात. मधला जुना लोखंडी पूल पायी ओलांडायला पाच मिनिटे पुरतात. २०१७ पर्यंत मी न्यू जर्सीच्या काठावर राहत होतो, तेव्हापासून पेनसिल्व्हेनियाच्या काठावर राहतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी न्यू जर्सीत आमच्या दारावर कोणी फिरकत नसे. इकडे २०२४ च्या ऑक्टोबरात टपालपेटीतून रोज चार-पाच गुळगुळीत पत्रके निघत होती, आणि एका शनिवारी तर एका पक्षाची माणसे अंगणातून बाहेर पडायच्या आत दुसऱ्या पक्षाची आत शिरली. मी तोच, माझे मतही तेच. फक्त नदी ओलांडल्याने माझा भाव वाढला होता. एवढे पाहिल्यावर तरी मी निर्वाचक मंडळाच्या विरोधात जायला हवे होते, असे इथले मित्र म्हणतात. मी उलट्या दिशेने गेलो, आणि ते का, हे नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना तपशील ठाऊक नसेल त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्षाची निवड लोक थेट करत नाहीत. लोकांच्या मतांवरून राज्यवार निर्वाचक ठरतात आणि ते निर्वाचक राष्ट्राध्यक्ष निवडतात; त्यांचे मिळून निर्वाचक मंडळ. प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिथल्या संसदेची दोन सभागृहे. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन जागा इतके निर्वाचक मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. एकूण ५३८, बहुमत २७०. सध्या कॅलिफोर्नियाला ५४, पेनसिल्व्हेनियाला १९, वायोमिंगला ३. ज्या उमेदवाराला राज्यात सर्वाधिक मते मिळतात त्याला त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. अपवाद फक्त मेन आणि नेब्रास्का यांचा, जिथे मतदारसंघवार वाटणी होते. हा 'सगळे एकाला' नियम घटनेत नाही. निर्वाचक कसे नेमायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे आणि ४८ राज्यांनी आपापल्या कायद्याने हा नियम पत्करला आहे.

आता मुख्य मुद्दा. भारतात वाढलेल्या माणसाला या विषयाचा विचार करताना एक गोष्ट नकळत गृहीत धरायची सवय असते, ती म्हणजे निवडणूक आयोग. एक मतदारयादीची पद्धत, एक यंत्र, एक आचारसंहिता, आणि निकालावर एका घटनात्मक संस्थेची मोहोर. अमेरिकेत अशी संस्थाच नाही. फेडरल इलेक्शन कमिशन या नावाने फसू नये. त्या आयोगाचे काम प्रचाराच्या पैशांपुरते आहे, मतदान घेणे किंवा मते मोजणे त्याच्याकडे नाही. मतदान घेतात राज्ये, आणि प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) व काही राज्यांत गावपातळीवरचे कारकून. देशभरातील मतांची जी बेरीज आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तिला कायद्याने कोणीही प्रमाणित करत नाही. राज्यांनी आपापल्यापुरते जाहीर केलेले आकडे कोणीतरी एकाखाली एक मांडून बेरीज केलेली असते, एवढेच.

शिवाय हे आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात. माझ्या नदीचेच घ्या. न्यू जर्सीत टपाली मतपत्रिकेवर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असेल, तर ती त्यानंतर सहा दिवसांपर्यंत पोहोचली तरी चालते. पेनसिल्व्हेनियात ती निवडणुकीच्या दिवशी रात्री आठपर्यंत कचेरीत पोहोचलीच पाहिजे. शिवाय आतल्या गुप्ततेच्या पाकिटात न घालता नुसत्या बाहेरच्या पाकिटातून पाठवली, तर बाद. पहिल्यांदा टपालाने मत दिले तेव्हा ती दोन पाकिटे स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून मी सूचनांचा कागद तीनदा वाचला होता, आणि तरीही बायकोने पाकीट उजेडाकडे धरून खात्री करून घेतली. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातील कैदीही मतदान करतात. अनेक राज्यांत शिक्षा भोगून बाहेर आल्यावरही अटी असतात. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही. मेनमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. अशा वेगवेगळ्या मापांनी भरलेले धान्य एका राशीत ओतून 'कोणाचे पायलीभर जास्त' असे विचारण्यात अर्थ नाही. राज्यापुरता मात्र तो प्रश्न चोख असतो, कारण राज्यात माप एकच असते.

दुसरा मुद्दा तंट्याच्या व्याप्तीचा. १९६० मध्ये सुमारे पावणेसात कोटींहून अधिक मतदानात केनेडी यांची देशभरातील आघाडी जेमतेम १ लाख १३ हजारांची होती. थेट निवडणूक असती तर दर मतदान केंद्रामागे एखादे मत इकडचे तिकडे झाल्याने निकाल फिरला असता, म्हणजेच प्रत्येक केंद्र हे फेरमोजणीचे ठिकाण झाले असते. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांवर देश छत्तीस दिवस टांगला गेला, छिद्र अर्धवट पडलेल्या मतपत्रिका माणसे दिव्यासमोर धरून भिंगातून पाहत बसली, हे खरेच. पण ते एका राज्यात घडले. उरलेल्या बहुतेक देशातील मतपेट्या त्या काळात शांतपणे कुलुपात होत्या. जहाजाच्या तळाला आडव्या भिंती घालून कप्पे करतात, ते छिद्र पडू नये म्हणून नव्हे. पडलेच तर पाणी एका कप्प्यात थांबावे म्हणून.

तिसरा मुद्दा मी स्वतः अनुभवलेला. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले आणि मतदान ६ नोव्हेंबरला होते. आमच्याकडे आठवडाभर वीज नव्हती, पेट्रोलला सम-विषम क्रमांकांची रांग होती, किनाऱ्यावरची माणसे नातेवाइकांच्या घरी विखुरलेली होती. घर सोडावे लागलेल्या मतदारांना राज्याने ईमेल व फॅक्सने मत द्यायची मुभा दिली, तिचा गोंधळ वेगळाच. मतदान अर्थातच घटले. परंतु न्यू जर्सीचे १४ निर्वाचक १४ च राहिले, कारण राज्याचे वजन जनगणनेने ठरते, त्या दिवशी किती माणसे केंद्रापर्यंत पोहोचली यावरून नव्हे. थेट बेरजेत वादळाने आमच्या राज्याचे देशातील वजनच कमी केले असते. (जाता जाता : जनगणनेत मुलेबाळे आणि व्हिसावर असलेली माणसेही मोजली जातात. त्यामुळे एडिसनमधील ज्या मराठी कुटुंबांना मताचा अधिकार नाही, त्यांचाही न्यू जर्सीच्या वजनात वाटा असतो.)

लहान राज्यांचे रक्षण, घटनाकारांची दूरदृष्टी वगैरे नेहमीचे युक्तिवाद मी मुद्दामच करत नाही. ते मला पटत नाहीत.

—

अंकगणिती

मांडणी आवडली, विशेषतः लहान राज्यांचा राग आळवला नाहीत, हे बरे केलेत. मीच त्याचे गणित देतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक ते चुकीचे सांगतात. प्रत्येक राज्याला सिनेटपोटी मिळणारे दोन निर्वाचक वजा करून पाहा. २००० मध्ये बुश यांच्या ३० राज्यांचे ६० वजा केले की २७१ चे २११ उरतात. गोर यांच्या २० राज्यांचे व राजधानीचे मिळून ४२ वजा केले की २६७ चे २२५. म्हणजे गोर जिंकतात. पण २०१६ मध्ये तीच वजाबाकी केली, तर ट्रम्प ३०६ वरून २४६ आणि हिलरी क्लिंटन २३२ वरून १९०. निकाल बदलत नाही. सुमारे २८ लाख ७० हजार मतांची देशव्यापी आघाडी तेव्हा निरुपयोगी ठरली ती वायोमिंगमुळे नव्हे, तर 'सगळे एकाला' नियमामुळे, आणि तो मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन या मोठ्या-मध्यम राज्यांत लागू पडला म्हणून.

आता तुमच्या कप्प्यांकडे वळतो. कप्प्यांमुळे पाणी पसरत नाही हे मान्य. पण कप्प्यांमुळेच छिद्रे जास्त पडतात, त्याचे काय? २०२० मध्ये बायडन यांची देशव्यापी आघाडी ७० लाखांची होती. तिच्यावर वाद घालायला कोणी धजावले नसते. परंतु ॲरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९ आणि विस्कॉन्सिन २०,६८२ अशी मिळून सुमारे ४३ हजार मतांची आघाडी ती खरी निर्णायक आघाडी. ही तीन राज्ये फिरली असती तर २६९ विरुद्ध २६९. सत्तर लाखांचा निर्विवाद निकाल तुमच्या पद्धतीने ४३ हजारांच्या वादग्रस्त निकालात रूपांतरित केला. ५३७ ही संख्यादेखील याच पद्धतीची देणगी आहे. देशभरात गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते.

—

नदीपार (धागालेखक)

वजाबाकी चोख आहे, आणि त्या दोन जादा निर्वाचकांसाठी मी भांडणार नाही. राज्यवार मते मोजणे आणि लहान राज्यांना जादा माप देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीशिवाय उत्तम चालू शकते.

छिद्रांविषयी : होय, राज्यवार पद्धतीत चुरशीचे निकाल जास्त वेळा लागतात, ही तिची किंमत आहे. पण २०२० चा पुढचा भाग पाहा. तंटा सहा राज्यांत लढला गेला, आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्या राज्याचा कायदा, त्या राज्याचा अधिकारी आणि त्या राज्याचे न्यायालय ठरलेले होते. जॉर्जियाने सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, कारण तेवढे एका राज्याला शक्य असते. सुमारे पावणेसोळा कोटी मतपत्रिका हाताने मोजा असा आदेश कोण देणार, कोणाला देणार, आणि कोणत्या नियमाने? आघाडी ७० लाखांची असेल तर प्रश्नच येत नाही, हे खरे. १९६० सारखी असेल तर येतो, आणि अमेरिकेतील चुरस पाहता ती वेळ पुन्हा येणारच नाही असे समजून घटना लिहिता येत नाही.

—

प्राजक्ता_ह्यूस्टन

मी टेक्सासात राहते, म्हणजे ४० निर्वाचक असलेल्या आणि तरीही प्रचारात फारशा कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या राज्यात. पण माझा आक्षेप त्या दुर्लक्षाबद्दल नाही.

आपण सँडी वादळाचे उदाहरण दिलेत आणि राज्याचे वजन लोकसंख्येने ठरते, मतदानाने नव्हे, हा गुण म्हणून सांगितलात. याच गुणाचा इतिहास पाहा. १९ जुलै १७८७ रोजी घटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसन यांनी स्वच्छ सांगितले होते की लोकांनी थेट निवड करणे तत्त्वतः योग्य असले, तरी दक्षिणेकडे मताधिकार आक्रसलेला असल्यामुळे गुलामांच्या संख्येचा तिला काहीच लाभ होणार नाही. निर्वाचक नेमले तर ती अडचण दूर होते. गुलामाला मत नाही, पण राज्याच्या वजनात तो तीन-पंचमांश मोजायचा. मग यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली, तीन-पंचमांश गेले आणि काळी माणसे पूर्ण मोजली जाऊ लागली. दक्षिणेतील राज्यांनी काय केले? मतदान कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या बळावर त्यांचा मताधिकार काढून घेतला आणि त्यांच्या संख्येचे निर्वाचक मात्र स्वतःच्या खिशात घातले. म्हणजे आधी तीन-पंचमांश लाभ होता, तो पाच-पंचमांश झाला. चौदाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात अशा राज्याचे प्रतिनिधित्व कापण्याची तरतूद आहे; ती आजवर एकदाही अमलात आलेली नाही.

थेट बेरजेत मतदार दडपणाऱ्या राज्याला त्याची किंमत मोजावी लागते, कारण त्याचीच बेरीज घटते. आपल्या पद्धतीत दडपशाही फुकट पडते. वादळ आणि जुलूम या दोहोंपासून राज्याचे वजन सारखेच सुरक्षित राहते, ही गोष्ट आपण फक्त वादळाच्या बाजूने सांगितलीत.

—

नदीपार (धागालेखक)

प्राजक्ताताई, माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड घाव हाच आहे आणि तो मी चुकवणार नाही. अर्धी बाजू सांगितली, हे कबूल.

दोन गोष्टी मात्र पुढे ठेवतो. पहिली, वजन मतदानाने नव्हे तर लोकसंख्येने ठरणे हे केवळ निर्वाचक मंडळाचे वैशिष्ट्य नाही; मतदारसंघांवर उभ्या असलेल्या प्रत्येक पद्धतीचे आहे. दक्षिण मुंबईत मतदान घसरले म्हणून तिथला खासदार अर्धा होत नाही. त्याच दक्षिणी राज्यांना प्रतिनिधिगृहातील जागाही त्याच दडपलेल्या लोकसंख्येवर मिळत होत्या, म्हणून प्रतिनिधिगृहच थेट बेरजेने भरा असे कोणी म्हणत नाही. दुसरी, हा अन्याय थांबवला तो १९६५ च्या मताधिकार कायद्याने, म्हणजे केंद्राने राज्याचा हात धरून. थेट बेरजेने तो थांबला असता का? ज्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना आपले राज्य हातचे जाऊ द्यायचे नव्हते, त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या बेरजेत चार मते जास्त पडावीत म्हणून काळ्यांना मतदान केंद्रावर येऊ दिले असते, असे मला वाटत नाही. तरीही या पद्धतीचा जन्म त्या सौद्यात झाला, ही गोष्ट तिचा बचाव करणाऱ्याने लपवता कामा नये.

—

प्राजक्ता_ह्यूस्टन

येऊ दिले असते असे मीही म्हणत नाही. पण उत्तरेकडील पक्षांना तो प्रश्न लावून धरण्यात काही स्वार्थ तरी उरला असता. पद्धतीकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

—

विदर्भवासी

इथे आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे नवल वाटते. तिथेही निर्वाचक मंडळ आहे, राज्यवार वजन आहे, आणि ते अमेरिकेपेक्षा जास्त काटेकोर आहे. १९७१ ची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा भागिले हजार, या सूत्राने महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते, उत्तर प्रदेशच्या २०८, गोव्याच्या २० आणि सिक्कीमच्या ७. महाराष्ट्राची एकूण किंमत २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४००. गोव्याची ४० गुणिले २० म्हणजे ८००. दर हजार माणसांमागे एक मत. लहान राज्याला जादा माप नाही. अंकगणिती यांनी जी वजाबाकी केली, ती आपल्या घटनेत पहिल्यापासूनच करून ठेवलेली आहे.

एक आक्षेपही नोंदवतो. राज्यवार पद्धतीने देशभर पाठिंबा असलेला उमेदवार निवडून येतो, असे तिचे इतर समर्थक नेहमी सांगतात. १९९२ मध्ये तिसरे उमेदवार पेरो यांना देशभर पसरलेली सुमारे १९ टक्के मते मिळाली आणि निर्वाचक मिळाले शून्य. १९६८ मध्ये वर्णभेदाच्या मुद्द्यावर उभे राहिलेले वॉलेस साडेतेरा टक्क्यांवर दक्षिणेतील पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक घेऊन गेले. तिसरा उमेदवार देशभर पसरलेला असेल तर शिक्षा आणि एका कोपऱ्यात एकवटलेला असेल तर बक्षीस, असा हा व्यवहार आहे.

—

नदीपार (धागालेखक)

पेरो-वॉलेस यांचा मुद्दा बिनतोड आहे. 'व्यापक पाठिंबा' हा युक्तिवाद मी केला नव्हता तो त्यामुळेच. एवढेच म्हणेन की मुख्य दोन उमेदवारांना राज्ये गोळा करत फिरावे लागते आणि एकाच बालेकिल्ल्यात मतांचे डोंगर रचून भागत नाही. थेट पद्धतीत मात्र १९९२ मध्ये ४३ टक्क्यांवर जिंकलेल्या बिल क्लिंटन यांच्यासारख्याला मान्यता कशी मिळणार, हा प्रश्न उरतो. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने प्रचंड बहुमताने मंजूर केलेल्या थेट निवडणुकीच्या घटनादुरुस्तीतही किमान ४० टक्क्यांची अट आणि ती पूर्ण न झाल्यास दुसरी फेरी होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये चर्चा थांबवण्याइतकी मते न मिळाल्याने ती बारगळली. इतकी जवळ ती पुन्हा कधी आलेली नाही.

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीची तुलना मोहात पाडते, पण ती जपून करावी. घटना समितीत के. टी. शाह यांनी प्रौढ मताधिकाराने थेट निवडीची सूचना मांडली होती आणि ती फेटाळली गेली, कारण ज्या पदाकडे प्रत्यक्ष कारभार नाही, त्यासाठी देशभर मतदान घेऊन त्याला मंत्रिमंडळाचा प्रतिस्पर्धी बनवायचे नव्हते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः कारभारी आहे. त्याची खरी तुलना आपल्या पंतप्रधानांशी होते, आणि पंतप्रधान आपणही मतांच्या बेरजेने निवडत नाही. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तेव्हा पद्धतीवर टीका झाली; पण देशभरातील मतांची बेरीज हाच खरा निकाल आणि जागा म्हणजे लबाडी, असे फारसे कोणी म्हटले नाही.

—

जुना_मोजणीदार

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. लोकसभा, विधानसभा मिळून नऊ निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले, आणि दोनदा मोजणीच्या टेबलावर बसलो. अमेरिकेचे मला फारसे कळत नाही, पण धागालेखकांचा कप्प्यांचा मुद्दा मला हाताला लागल्यासारखा कळला.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७ सी नमुना, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब, भरतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो. मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा आणि त्या नमुन्यातील आकडा जुळला नाही, तर टेबलाभोवती लगेच गर्दी होते. एका वेळी दोन मतांचा फरक आला होता. सकाळी तालीम म्हणून टाकलेली मते पुसायची राहिली होती, एवढेच कारण. तो उलगडा होईपर्यंत पाऊण तास त्या टेबलावर कोणी पाणीसुद्धा प्यायले नाही. पण बाजूच्या मतदारसंघाची मोजणी त्या वेळी बिनघोर चालली होती, कारण आमच्या दोन मतांशी त्यांचे देणेघेणे नव्हते. देशभर एकच बेरीज असती, तर त्या दोन मतांसाठी दिल्लीहून फोन आला असता, आणि तसाच तो आणखी दहा लाख केंद्रांवर गेला असता. हे सगळे एकच कायदा, एकच आयोग असताना. जिथे गावागावाचे नियम वेगळे, तिथे मोजणीवर बसणाऱ्या माणसाची अवस्था काय होईल, याची मला कल्पना करवत नाही.

एक शंका आहे. हे निर्वाचक प्रत्यक्ष मत देतात कुठे आणि त्याचे कागद जातात कुठे?

—

अंकगणिती

मोजणीदार साहेबांच्या शंकेचे उत्तर धागालेखक देतीलच. त्याआधी दोन पर्याय पटावर मांडतो.

एक नायजेरियाचा. १९७९ च्या घटनेने थेट मतदान ठेवले, शिवाय किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक-चतुर्थांश मते मिळण्याची अट घातली. लोकांची बेरीजही राहते आणि राज्यांचा पसाराही. दुसरा, अमेरिकेतील काही राज्यांनी २००७ पासून चालवलेला आंतरराज्य करार : ज्याला देशभर जास्त मते, त्यालाच आपापले निर्वाचक द्यायचे, आणि करारातील राज्यांचे निर्वाचक २७० झाले की तो अमलात आणायचा. २०२४ अखेर त्यांची बेरीज २०९ होती. घटनादुरुस्तीच्या भानगडीत न पडता काम होते.

आणि २६९ विरुद्ध २६९ झाले तर काय, हे आपण अजून सांगितलेले नाही.

—

नदीपार (धागालेखक)

शेवटचे आधी. बरोबरी झाली, किंवा कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत : कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगला एक, आणि २६ मिळवणारा जिंकतो. १८२४ मध्ये जॅक्सन यांना लोकांची आणि निर्वाचकांची, दोन्हीकडची मते सर्वाधिक असताना याच वाटेने ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाले. या तरतुदीचा बचाव माझ्याच्याने होत नाही. ती काढून टाकावी.

नायजेरियाचा नियम तत्त्वतः मला आवडतो, पण पहिल्याच निवडणुकीत तो कसा अडकला ते पाहा. तेव्हा राज्ये १९. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १२ पूर्णांक दोन-तृतीयांश. आघाडीवरचे उमेदवार शगारी यांना १२ राज्यांत अट पूर्ण करता आली, तेराव्यात, कानोत, नाही. अखेर कानोच्या मतांचा दोन-तृतीयांश भाग हिशेबात धरून त्यांना विजयी ठरवले गेले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. राज्याचा दोन-तृतीयांश भाग म्हणजे नेमका काय, यावर तिथले वकील अजूनही विनोद करत असतील.

करार मात्र मला सर्व पर्यायांत वाईट वाटतो. थेट निवडणूकच हवी असेल तर घटनादुरुस्ती करा, एक मतदारयादी करा, एक निवडणूक आयोग नेमा, मग मी पुन्हा विचार करेन; माझा बहुतेक आक्षेप तिथेच गळून पडेल. करारात यांतले काहीच होत नाही. उद्या पेनसिल्व्हेनिया त्यात सामील झाले, तर आमच्या सचिवाला मेनच्या पसंतीक्रमाच्या मतांतील पहिल्या फेरीचा आकडा धरायचा की शेवटच्या, हे मेनच्या अधिकाऱ्यावर विसंबून ठरवावे लागेल, आणि कराराबाहेरच्या एखाद्या राज्याने फेरमोजणीला नकार दिला तर हात चोळत बसावे लागेल. नियम पन्नास आणि बेरीज एक, हीच माझी मूळ तक्रार. करार तिला कायद्याचे रूप देतो.

कुंपणावरच्या, म्हणजे कोणत्याही पक्षाकडे झुकू शकणाऱ्या राज्यांविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगून टाकतो, कारण सुरुवात मीच त्या पत्रकांनी केली होती. ही राज्ये कायमची नसतात. कॅलिफोर्नियाने १९६८ ते १९८८ अशा सलग सहा निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवार निवडला. वेस्ट व्हर्जिनिया १९८८ मध्येही डेमोक्रॅट होते. २००० मध्ये ते उलटले. त्याचे पाच निर्वाचक गोर यांच्याकडे राहिले असते, तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. न्यू जर्सीतील माझ्या जुन्या शेजाऱ्यांनाही २०२४ चा निकाल पाहून पुढच्या खेपेला टपालपेटी मोठी घ्यावी लागेल असे वाटू लागले आहे.

मोजणीदार सर, आपल्या शंकेविषयी. सर्व निर्वाचक एका ठिकाणी कधीच जमत नाहीत. घटनेनेच तसे ठरवले आहे. प्रत्येक राज्याचे निर्वाचक डिसेंबरात एकाच दिवशी आपापल्या राज्यात भेटतात. २०२४ मध्ये ती तारीख १७ डिसेंबर होती आणि आमचे १९ जण राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, जमले. राष्ट्राध्यक्षासाठी एक आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी एक अशी वेगवेगळी मते देतात, त्यांच्या याद्या करतात आणि सहा प्रतींवर सगळे सह्या करतात. एक प्रत सिनेटच्या अध्यक्षांकडे, दोन राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, दोन राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आणि एक त्या भागातील संघीय जिल्हा न्यायाधीशाकडे जाते. डिसेंबरच्या चौथ्या बुधवारपर्यंत एखाद्या राज्याचे कागद वॉशिंग्टनला पोहोचले नाहीत, तर खास दूत पाठवून न्यायाधीशाकडची प्रत मागवून घ्यावी, अशी तरतूद कायद्यात आजही आहे.

—

जुना_मोजणीदार

सहा प्रती म्हणजे आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त झाल्या. दूताची तरतूद करणाऱ्या माणसाने कधीतरी तालुक्याहून मतपेट्या आणल्या असाव्यात.